काठ्यांचा जानेवारी

आमच्या बिल्डिंगच्या मागे शाळेचं मैदान आहे. जानेवारी लागला की सकाळी साडेसातला तिथून ढोलाचा आवाज येतो आणि त्यामागून एका शिक्षिकेचा, "सावधान! विश्राम!" सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तयारी सुरू झालेली असते. बाईंचा आवाज खणखणीत आहे, पण 'तेज चल' म्हणताना त्या 'चल'वर फार लवकर येतात, मुलांना पाय उचलायला वेळच उरत नाही. मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा राहतो आणि त्यांना मनातल्या मनात दुरुस्त करतो. चौतीस वर्षं पी.टी. शिकवलेल्या माणसाला दुसरं काय येणार? आतून मंगल, माझी बायको, पोह्यांना फोडणी देता देता म्हणते, "झालं सुरू? त्या बाईला तरी सोडा हो."

तिचं बरोबर आहे. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी मंगललाही सोडलं नव्हतं.

बोरिवलीकरांना थंडीची फार घमेंड. त्यातून आम्ही पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी राहणारे, म्हणजे आमची घमेंड जरा जास्तच. कुर्ल्याहून पाहुणे येणार असले की आम्ही मुद्दाम स्वेटर घालून दार उघडतो आणि "तुमच्याकडे असं नसेल ना?" म्हणून हात चोळतो. खरी थंडी असते ती आठपंधरा दिवस, तीही सकाळची. पण त्या पंधरा दिवसांत हवेला कोरड्या पानांचा वास येतो, डोंगरालगतच्या पार्कातल्या रस्त्यावर सागाची ताटाएवढी पानं पडतात आणि पायाखाली मोडतात. ओठ फुटतात, टाचा फुटतात. मंगलच्या माहेरून, मालवणकडून, कोकमाच्या तेलाचा गोळा येतो. तो चमच्यात घेऊन गॅसवर वितळवायचा आणि कोमट असतानाच टाचांना लावायचा. घरभर एक आंबूस, तुपकट वास राहतो.

त्या वर्षी ते तेल मी तिच्या पायांना लावत होतो. ती खुर्चीत, मी खाली पाटावर. बराच वेळ झाल्यावर तिने विचारलं, "अहो, लावताय ना?"

मी दहा मिनिटं लावत होतो.

डाव्या स्तनाचा कॅन्सर. गणपतीच्या आधी ऑपरेशन झालं, नंतर किमो, शेवटची सलाईन डिसेंबरच्या सुरुवातीला लागली. किमोने तळपाय सुन्न होतात, असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. काहींचे परत येतात, काहींचे नाही, आले तरी वेळ लागतो. ऐकलं तेव्हा मला ती फार मोठी गोष्ट वाटली नव्हती. केस जाणार, उलट्या होणार, त्यापुढे पाय सुन्न होणं म्हणजे काय? पण माणूस पायाच्या भरवशावर उभा असतो हे मी पी.टी. शिकवणारा असूनही विसरलो होतो. आपला पाय जमिनीवर टेकलाय की नाही, हे कळण्यासाठी मंगलला खाली बघावं लागायचं.

आजारी माणसाची काळजी घेण्याची आपली एक पद्धत आहे. त्याला झोपवायचं. येणारा प्रत्येक जण नारळ नाहीतर पेर आणतो आणि म्हणतो, "उठू नकोस गं, पडून राहा." मी तर पुढे जाऊन भिंतीवर वेळापत्रक लावलं. कितीला गोळी, कितीला नारळपाणी, कितीला आराम, पुन्हा आराम. पाण्याचा पेला तिने स्वतः उचललेला मला चालत नसे. ती एकदा लसूण सोलायला बसली तर मी ताटली काढून घेतली. प्रेम होतं, नाही म्हणत नाही. पण चार महिन्यांत तिच्या पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या, आणि ते आजारानेच झालं असं मी धरून चाललो.

नोव्हेंबरमध्ये ती पडली. एक रिपोर्ट आणायला मी लॅबमध्ये गेलो होतो. पाकीट उघडलं, दोन पानं भरून इंग्रजी होतं आणि त्यातले दोनचार शब्द मला आवडले नाहीत. त्यात वाईट काहीच नव्हतं, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण त्या वेळी ते पाकीट घेऊन घरी जायची माझी छाती झाली नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवर मी बाकड्यावर बसलो, एक चहा घेतला, मग दुसरा. पाऊण तास गेला. इकडे अकराला पाणी आलं, नळाखाली बादली लावायला मंगल उठली आणि मोरीत पडली. मी दार उघडलं तेव्हा बादली भरून वाहत होती आणि शेजारी ओल्या फरशीवर ती बसून होती. मला पाहून म्हणाली, "अहो, आधी नळ बंद करा."

हाड मोडलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी तिचा उजवा दंड धरला तो धरलाच. घरात, जिन्यात, दवाखान्यात. रात्री ब्लाउज बदलताना तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ दिसायचे. ती काही बोलायची नाही आणि टपरीवरच्या दोन चहांबद्दल मीही काही बोललो नाही.

अशा अवस्थेत आम्ही फर्नांडिस मॅडमसमोर उभे राहिलो. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गोराईच्या. रोज सकाळी खाडीतून बोटीने बोरिवलीला यायच्या आणि दवाखान्यात फिजिओथेरपी द्यायच्या. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"सर, पेशंटला आणलंय की पकडून आणलंय?"

मंगल हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला ते मुळीच आवडलं नाही.

मॅडमनी कोपऱ्यातून दोन काठ्या काढल्या. बारीक, हलक्या, वर मुठीला पंजासारखा पट्टा आणि खाली रबराचा बूट. तिकडे बर्फाच्या देशात म्हणे लोक अशा काठ्या घेऊन फिरायला जातात, आणि कॅन्सरच्या माणसांनाही त्या उपयोगी पडतात. म्हाताऱ्याच्या काठीसारखी पुढे टेकून त्यावर रेलायचं नाही. काठी तिरकी ठेवायची, तिचं टोक मागे, आणि तिने जमीन मागे ढकलायची. मग खांदे हलतात, पाठ सरळ होते, ऑपरेशनच्या बाजूचा आखडलेला हात आपोआप झुलायला लागतो, आणि तोल जायला आला तर दोनाऐवजी चार ठिकाणी आधार असतो. डॉक्टरांची परवानगी मॅडमनी आधीच घेतली होती. डाव्या हाताला सूज येते का ते मात्र रोज बघायचं, अशी ताकीद दिली.

"ह्याच्यात सर कुठे बसतात?" मंगलने विचारलं.

"सर बाकावर बसतात," मॅडम म्हणाल्या.

सोसायटीत पहिल्याच दिवशी गेटवर दोघांनी अडवलं. "काय वहिनी, हिमालयात का?" "बर्फ पडला वाटतं बोरिवलीत!" मी कपाळाला आठ्या घालून पुढे निघालो, तर मंगल थांबून म्हणाली, "कॅन्सर झालाय ना मला. त्याच्यासाठी आहेत." दोघांचेही चेहरे एकदम उतरले. मग बिचारीलाच त्यांची समजूत काढावी लागली. तोपर्यंत आमच्या घरात 'तिचं ते' असाच शब्द होता. मंगलने 'कॅन्सर' असं चारचौघांत म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं.

शनिवारी सकाळी पार्कात मॅडमचा पाचसहा जणांचा गट चालायचा, बाकीचे दिवस ज्याचा त्याने सराव करायचा. आणि सराव म्हटल्यावर मी गप्प बसणार होतो का? माझ्या आयुष्यातले चौतीस जानेवारी मुलांचे हातपाय जुळवण्यात गेले होते. मी मंगलच्या शेजारून उलटा चालत जायचो आणि ताल द्यायचो, "डावा पाय, उजवी काठी! उजवा पाय, डावी काठी! एक दो, एक दो!" आणि मंगल हटकून डाव्या पायाबरोबर डावी काठी टाकायची. मी जितका जोर लावावा तितकी ती जास्त चुकायची. एका बाजूचे हात-पाय बरोबर निघाले की चालणाऱ्याचं सगळं अंग कुलपासारखं घट्ट होतं. दर वर्षी संचलनात अशी दोनतीन मुलं निघतातच. मी त्यांना रांगेतून बाहेर काढून पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवायचो. ते चूक होतं असं मला तेव्हा कुणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

गटात कांबळे होते. माझ्याच वयाचे, घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढलेलं, गळ्याला पांढराशुभ्र रुमाल. ते बोलायचं असेल ते मोबाइलवर लिहून दाखवायचे. एका शनिवारी माझं एक-दो ऐकून ऐकून ते थांबले, काठ्या काखेत धरल्या, सावकाश टाइप केलं आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "माझं बोलणं गेलं तेव्हापासून माझ्या बायकोचं चालणं सुधारलं आहे."

मला राग आला. मग हसू आलं. मग पुन्हा राग आला, कारण मॅडमही ते वाचून मोठ्यांदा हसल्या होत्या.

"सर, तुम्ही तिला चालायला शिकवताय," त्या म्हणाल्या. "ती वयाच्या पहिल्या वर्षी शिकलीय. मंगलबाय, काठ्या सोडून दे. पट्ट्यात नुसत्या लोंबकळू दे, ओढत ने मागून. आणि बाजाराला निघालीस असं चाल."

मंगल निघाली. काठ्या डांबरावरून खरडत मागून येत होत्या. दहाबारा पावलांवर तिचे हात झुलू लागले, उलट्या पायाबरोबर उलटा हात, अगदी जसा हवा तसा. मॅडम मागून म्हणाल्या, "आता जरा मूठ धर, मागे ढकल, आणि सोड. धर, ढकल, सोड." सागाच्या पानांतून कुरकुर आवाज करत मंगल पुढे गेली. मी तोंड मिटून बघत होतो. तिची पाठ मी दोन महिन्यांत पाहिलीच नव्हती. सदा शेजारी, दंडाला चिकटलेला. ती पाठ सरळ होती आणि माझ्यापासून लांब चालली होती. मला आनंद झाला म्हणणं खोटं होईल. मला भीती वाटली, आणि थोडं एकटं वाटलं.

त्यानंतरचे दिवस मला आवाजांनी आठवतात. रबराच्या बुटांची टकटक, तिचा श्वास, तांबट पक्ष्याचं ठोकणं. माकडं आधी आमच्या पिशवीवर डोळा ठेवून असायची, ती काठ्या पाहून कठड्यावर जाऊन बसू लागली. मंगलला त्याचं फार कौतुक. बोटभर उगवलेल्या केसांवर स्कार्फ बांधायचं तिने एक दिवस बंद केलं, आणि डोक्याला वारा लागतो तो किती गार असतो ते मला दोनदा सांगितलं. घरी आली की धापा टाकत बसायची आणि भूक लागली म्हणायची. एकदा तर ती फुलांच्या झाडाखाली थांबली आणि उगीचच रडली. का रडतेस विचारलं, तर म्हणाली, "दमले. पण बरी दमले."

मी दंड सोडला होता, पण माणूस सोडला नव्हता. तीन पावलं मागे असायचो, हात अर्धवट पुढे काढलेला. तिला माझी सावली दिसायची. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती पार्कातल्या पुलाजवळ थांबली आणि वळली.

"उद्यापासून मी एकटी येणार."

"मुळीच नाही."

"का?"

"पाय सुन्न आहेत तुझे! पडलीस म्हणजे?"

"पडेन तर पडेन. अहो, मागून कोणीतरी सारखं मी पडायची वाट बघतंय असं वाटतं मला. त्याने मी पडेन."

मी आवाज चढवला, रस्त्यावरच. वॉकला आलेले दोघे वळून बघू लागले. तेव्हा मंगल मालवणीवर आली. ती रागावल्याशिवाय माहेरच्या बोलीवर जात नाही. "माका सांभाळूक नको तुमी! आजार माझो आसा. तो तरी माझो ऱ्हवांदे!"

ती पुढे, मी मागे, असे परत आलो. जिन्यात मात्र माझ्या तोंडून निघून गेलं. टपरी, पाकीट, दोन चहा, सगळं. मी म्हटलं, तेव्हा मी नव्हतो म्हणून पडलीस. आता मी कसा नसू? तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही घरात असतात तरी बादली लावायला मीच उठले असते. तुम्हाला कधी कळलंय पाणी कितीला येतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती एकटी निघाली. आठला यायला हवी होती. त्या तासात मी काय केलं? पेपर उघडला, एकच मथळा चारदा वाचला. दोन शर्टांना इस्त्री केली, ते दोन्ही आधीच इस्त्रीचे होते. गॅलरीत गेलो, आत आलो. आठ वाजून दहा मिनिटांनी फोन लावला, तर तो स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे वाजला. तिने मुद्दाम ठेवला होता. चप्पल घालून तीन मजले उतरलो, गेटपर्यंत गेलो आणि तिथून परत आलो, कारण तिने मला पार्काच्या रस्त्यावर पाहिलं असतं तर पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता. आयुष्यात मी पुष्कळ शर्यती लावल्या, पण जागच्या जागी उभं राहायला इतका दम लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

नऊला दहा कमी असताना बेल वाजली. दारात मंगल. सलवार गुडघ्यावर फाटलेली, कोपराला माती, आखूड केसांत सागाच्या पानाचा तुकडा. आणि चेहरा असा, की शाळेत एखादी मुलगी नंबर आल्याचं सांगायला धावत येते ना, तसा.

"मी पडले!" ती म्हणाली.

माझ्या तोंडाशी सगळं एकदम आलं. तरी सांगितलं होतं, कुठे लागलं, दाखव, बस आधी. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. ती आत आली, काठ्या भिंतीला टेकवल्या आणि सांगत सुटली. पुलापलीकडच्या उतारावर पानांवरून काठी सरकली आणि ती बसलीच. एक गृहस्थ धावत आले. "त्यांना म्हटलं, थांबा, हात लावू नका. फक्त उभे राहा. ते बिचारे घाबरून हात वर करून उभे!"

दवाखाना आणि भिंतीवरचं वेळापत्रक आठवून मी काहीतरी विचारायला गेलो, आणि भलताच प्रश्न निघाला. "उठलीस कशी?"

"दाखवते," ती म्हणाली.

तिने टीपॉय बाजूला सरकवायला लावला. गुडघ्याला हळद लावते नंतर, म्हणाली. पुन्हा काठ्या घेऊन, पट्ट्यांत हात घालून ती दिवाणखान्याच्या मधोमध फरशीवर बसली. आधी पट्ट्यांतून हात काढले. मग कुशीवर वळून गुडघ्यांवर आली, डावा हात जपून. दोन्ही काठ्या एकत्र करून समोर उभ्या धरल्या. त्यातल्या त्यात बरा पाय पुढे, टाच खाली टेकलीय ना ते डोळ्यांनी पाहिलं. एक श्वास घेतला, उजव्या हाताने जमीन खाली ढकलली, आणि माझी बायको उभी राहिली. वेळ लागला. मधे एकदा काठ्या डगमगल्या. माझा हात पुढे गेला होता, तो मी पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"आता तुम्ही," तिने काठ्या पुढे केल्या.

"मला कशाला?"

"का? तुम्ही कधी पडणारच नाही?"

मी खाली बसलो. त्रेसष्ट वर्षांचे गुडघे कडाकडा वाजले. कुशीवर वळलो, गुडघ्यांवर आलो, काठ्या उभ्या केल्या. पाय पुढे घ्यायला गेलो तर तोल गेला आणि मी बाजूला कलंडलो. फरशी थंड होती. तिथून मंगल केवढी उंच दिसत होती. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच अडकलो. मी हात वर केला.

"दे ना जरा."

मंगल दोन पावलं मागे गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी इथेच आहे," ती म्हणाली. "उठा."